तास कुठून आणायचे?

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत मला आलेल्या बहुतेक फोनांचा सूर एकच होता : ‘हॉस्पिटलची दारं बंद, परीक्षा रद्द, कॉलेज घरातून. मेडिकलचा अर्ज आता कशाच्या जोरावर भरायचा?’ मी न्यू जर्सीत प्री-हेल्थ विद्यार्थ्यांना, म्हणजे मेडिकल, डेंटल, फिजिशियन असिस्टंट अशा अभ्यासक्रमांकडे निघालेल्या मुलांना, सल्ला देण्याचं काम करते. त्या वेळची एक केस इथे मांडते आहे. कारण ज्यांच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, २०२० साली ग्रेडऐवजी नुसता ‘पास’ आहे किंवा ज्यांच्या बायोडेटात त्या वर्षाचं भगदाड आहे, अशी मुलं अजूनही येतात आणि तेच विचारतात. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ईशा तेव्हा स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला होती. फोन आईने केला, पण पाच मिनिटांत बाबांनी तो स्पीकरवर टाकला. त्यांचा हिशोब तयारच होता. १६ मेची एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा, रद्द झालेली. मार्चमध्ये हॉस्पिटलने सगळ्या स्वयंसेवकांना घरी पाठवलं, तेव्हा ईशाचे तिथल्या कामाचे सत्तर-ऐंशी तास भरले होते. उन्हाळ्यात एका कार्डिऑलॉजिस्टबरोबर शॅडोइंग, म्हणजे डॉक्टरांच्या मागे राहून त्यांचं काम बघणं, ठरलं होतं, तेही गेलं. आणि अर्ज जूनमध्ये भरायचा. “मॅडम, माझ्या भावाचा मुलगा साताऱ्याला नीटची तयारी करतोय,” ते म्हणाले. “त्याचीही ३ मेची तारीख पुढे गेली. पण त्याला एक परीक्षा द्यायची आहे, संपला विषय. इथे नक्की काय मोजतात तेच कळत नाही. आता हे तास कुठून आणायचे?”

(पुतण्याची तारीख पुढे २६ जुलै आणि मग १३ सप्टेंबर झाली. त्या घरात त्या वर्षी कोणाला झोप लागली असेल असं वाटत नाही.)

बाबांचा गोंधळ समजण्यासारखा होता. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल. पदवीचे गुण आणि एमकॅट पहिल्या चाळणीला लागतातच, त्याबद्दल कोणी गोड बोलून फसवू नये. पण त्यानंतर फाइल वाचली जाते. मुख्य अर्जात, ज्याला सगळे एएमकॅस म्हणतात, पंधरा अनुभव लिहायला जागा असते. प्रत्येकाला ७०० अक्षरं, त्यांतल्या सर्वांत महत्त्वाच्या तीन अनुभवांना आणखी १३२५. शिवाय ५३०० अक्षरांत स्वतःविषयीचा निबंध. आपल्या पालकांना यातला फक्त तासांचा रकाना दिसतो, कारण त्यात आकडा असतो.

एक गोष्ट मी लगेच सांगून टाकली. दारं एकट्या ईशाला बंद नव्हती. १७ मार्चला अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने, एएएमसीने, खुद्द मेडिकलच्या विद्यार्थ्यांनाही रुग्णांपासून दूर ठेवण्याची शिफारस केली होती. जिथे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या भावी डॉक्टरांना वॉर्डात प्रवेश नाही, तिथे पदवीच्या मुलीने शॅडोइंग का केलं नाही, असं निवड समिती विचारणार नव्हती. बाबा थोडे शांत झाले. मग मी म्हटलं, मला ईशाशी एकटीशी बोलायचंय.

दुसऱ्या दिवशी ती व्हिडिओवर आली. बेसमेंटमध्ये, मागे इस्त्रीचं टेबल. मी तास विचारलेच नाहीत. विचारलं, “त्या सत्तर-ऐंशी तासांत तुला एखादा पेशंट आठवतो का?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “मावशी, मी वॉर्मरमधून, म्हणजे गरम कपाटातून, ब्लँकेट्स आणून द्यायचे. डिस्चार्ज झालेल्यांची व्हीलचेअर लॉबीपर्यंत न्यायचे. कोणाशी फार बोलणं असं नाही झालं.”

इथे मला केस कळली. अर्जातली उणीव टाळेबंदीने निर्माण केलेली नव्हती, ती फेब्रुवारीतही होती. टाळेबंदी झाली नसती तर ईशाचे दीडशे तास भरले असते, आकडा बरा दिसला असता, आणि इंटरव्ह्यूत “तुला डॉक्टर का व्हायचंय” या प्रश्नावर तिने ब्लँकेटच सांगितलं असतं. माझ्या मते त्या वर्षी घाबरलेल्या निम्म्या मुलांचं दुखणं हेच होतं.

म्हणून सल्ला दिला : यंदा अर्ज नको. २०२१ च्या जूनमध्ये भर.

यावर घरात काय झालं असेल ते सांगायला नको. ‘वर्ष वाया जाणार’ हे तीन शब्द मी त्या उन्हाळ्यात इतके ऐकले की फोन उचलतानाच तयार असायची. त्यांना मी इतकंच दाखवलं की इथे मेडिकलला लागणाऱ्या निम्म्याहून जास्त मुलांनी पदवीनंतर एक किंवा जास्त वर्षं थांबून प्रवेश घेतलेला असतो. बारावीनंतर ड्रॉप घेण्याशी त्याचा संबंध नाही, कोणी कारणही विचारत नाही. आणि फेरअर्जदार होणं मात्र महाग पडतं. एएमकॅसची फी तेव्हा पहिल्या कॉलेजला १७० डॉलर, पुढच्या प्रत्येकाला ४१. त्यानंतर कॉलेजं आपापले दुय्यम निबंध मागवतात, त्यांची फी वेगळी. वीस कॉलेजांना अर्ज केला की बघता बघता तीन हजार डॉलर जातात. अर्धवट फाइलवर एवढे पैसे घालून पुढच्या वर्षी पुन्हा तेच करायचं, आणि तेव्हा ‘गेल्या वेळेपेक्षा आता काय वेगळं?’ याचं उत्तरही द्यायचं.

ज्यांची बाकी तयारी होती आणि फक्त एमकॅट अडकली होती, त्यांना मी उलट सल्ला दिला, हेही सांगते. २९ मेपासून परीक्षा पुन्हा सुरू झाली. साडेसात तासांची पावणेसहा तासांवर आणली, दिवसाला तीन सत्रं, पहिलं सकाळी साडेसहाला. अशा मुलांनी एकाच कॉलेजचं नाव टाकून जूनमध्ये अर्ज दाखल करावा, पडताळणी होऊ द्यावी, आणि गुण हातात आल्यावर बाकीची कॉलेजं जोडावीत. पडताळणीला आठवडे लागतात, तो वेळ वाचतो. ही युक्ती महामारीपुरती नाही, आजही चालते.

ईशाचा दुसरा प्रश्न ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा होता. त्या सेमिस्टरला तिच्या कॉलेजने ग्रेड हवी की नुसतं पास, असा पर्याय दिला होता. मैत्रिणींनी सगळीकडे पास घेतलं होतं. कॉलेजने सर्वांनाच सक्तीने पास-नापास केलं असेल तर काही बिघडत नाही. पण पर्याय असताना मेडिकलला लागणाऱ्या विषयात पास निवडलं तर काही कॉलेजं नाक मुरडतात. तिला बी प्लस मिळत होती. मी म्हटलं, बी प्लस घे. मानसशास्त्राच्या ऐच्छिक पेपरला पास चालेल.

आता प्रश्न होता तो वर्षभर करायचं काय याचा. त्या दिवसांत ऑनलाइन शॅडोइंगचं पेव फुटलं होतं. डॉक्टर झूमवर केस सांगणार, शेवटी प्रमाणपत्र. दोन-तीन बघ, ऐकण्यासारखं असतं, पण त्यावर फाइल उभी करू नकोस, असं मी तिला सांगितलं. जॉन्स हॉपकिन्सने मे महिन्यात कोर्सेरावर मोफत कॉन्टॅक्ट ट्रेसिंगचा, म्हणजे बाधितांच्या संपर्कातली माणसं शोधण्याचा, ऑनलाइन कोर्स काढला, तो तिने एका वीकेंडला संपवला. चांगला होता, पण कोर्स म्हणजे काम नव्हे.

आणि मामाचं हॉस्पिटल! हे मराठी घरांतलं खास प्रकरण. “पुण्याला तिच्या मामाचं नर्सिंग होम आहे, विमानं सुरू झाली की पाठवतो, ऑपरेशन थिएटरमध्येसुद्धा उभी राहील,” असं आई म्हणाली. बघायला जरूर जावं. पण शिक्षण नसताना टाके घातले, इंजेक्शनं दिली, असं अर्जात लिहिलं की इथल्या समितीला कौतुक वाटत नाही, धक्का बसतो. प्रशिक्षणाविना पेशंटला हात लावणारा उमेदवार त्यांना नको असतो. मामा घरचा असला तरी पेशंट घरचा नसतो, एवढंच मी आईला म्हटलं.

शेवटी काम सापडलं ते घरापासून दहा मिनिटांवर. एडिसन-इसेलिन भागात आपल्याकडच्या ज्येष्ठांसाठी बरीच अ‍ॅडल्ट डे केअर सेंटर्स आहेत. सकाळी व्हॅन न्यायला येते, तिथे नाश्ता, भजन, रक्तदाब तपासणी, पत्ते, जेवण. मार्चमध्ये ती बंद झाली आणि ही मंडळी घरात अडकली. एका सेंटरला रोज फोन करून विचारपूस करणारी मुलं हवी होती. ईशाकडे अठरा नावांची यादी आली. तिचं मराठी बोबडं, गुजराती त्याहून. पहिल्या आठवड्यात आजी-आजोबाच तिची विचारपूस करत होते.

जूनमध्ये एक दिवस ती मला म्हणाली, “मावशी, एक आजोबा म्हणाले, ‘गोळ्या पुरवून पुरवून घेतोय.’ मला आधी कळलंच नाही.” आजोबा रक्तदाबाची गोळी सुरीने अर्धी करून घेत होते. फार्मसीत जायची भीती, मुलगा दुसऱ्या राज्यात, रिफिलचं यंत्रावरचं इंग्रजी समजत नव्हतं. शेजाऱ्याला सांगायची लाज. ईशाने काय केलं? गोळीबद्दल एक शब्दही सल्ला दिला नाही. सेंटरच्या नर्सला लगेच फोन केला, नर्सने डॉक्टरांच्या ऑफिसला कळवलं, आणि फार्मसीची घरपोच सेवा सुरू झाली. मग तिने आपणहून उरलेल्या सतरा जणांना एक प्रश्न वाढवला : औषधं किती दिवसांची उरलीत? आणखी तिघांचं उत्तर डळमळीत निघालं.

आपलं काम कुठे संपतं हे ओळखून योग्य माणसाला गाठणं आणि मग तीच अडचण इतरांची आहे का ते बघणं, हे वॉर्मरजवळ उभं राहून दीडशे तासांत आलं नसतं.

अर्जात मात्र हे आम्ही ‘क्लिनिकल’ रकान्यात टाकलं नाही. तिचा मोह होता. पण फोनवरची विचारपूस ही समाजसेवा, बिगर-क्लिनिकल. रकाना ओढूनताणून बदलला की वाचणाऱ्याला उरलेल्या चौदा नोंदींवरही शंका येते. त्याच कारणाने रद्द झालेल्या शॅडोइंगचे ‘होणार होते’ असे तासही धरायचे नाहीत.

क्लिनिकल बाजू पुढे भरली. २०२१ च्या जानेवारीत एडिसनच्या एक्स्पो सेंटरमध्ये लसीकरणाचं मोठं केंद्र उघडलं, तिथे ती नोंदणीला आणि नंतर लस घेतलेल्यांवर पंधरा मिनिटं लक्ष ठेवणाऱ्या विभागात स्वयंसेवक होती. पदवी झाल्यावर एका अर्जंट केअरमध्ये स्क्राइब, म्हणजे डॉक्टर पेशंटशी बोलत असताना नोंदी टंकणारी, म्हणून लागली. ही नोकरी पगारी असते. ईशा इथे जन्मलेली, तिला अडचण नव्हती. पण एच-फोर व्हिसावरच्या, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे इथे असलेल्या, मुलांनी इथे थांबून विचार करावा : पगारी काम परवान्याशिवाय चालत नाही, आणि जे काम एरवी पगार देऊन करून घेतात ते ‘फुकट करते’ म्हटल्यानेही सुटत नाही. शिवाय बरीच मेडिकल कॉलेजं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड मागतात. ती यादी पहिल्याच वर्षी बघावी, चौथ्या वर्षी नव्हे. फिजिशियन असिस्टंटकडे निघालेल्यांचं गणितही वेगळं. तिथे अनेक कॉलेजं प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या शेकडो तासांची किमान अट घालतात, त्यामुळे २०२० चा खरा फटका त्यांनाच बसला.

दुय्यम निबंधांत बहुतेक कॉलेजं विचारत होती, ‘कोविडचा तुमच्यावर काय परिणाम झाला?’ ईशाने पहिल्या खर्ड्यात जगाचं दुःख लिहिलं होतं. ‘अभूतपूर्व’ हा शब्द तीनदा. मी तो कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, सुरी आणि गोळी लिही. घरात चौघं एका वायफायवर होतात ते लिहायचं असेल तर दोन ओळींत लिही, रडगाणं नको. कोणाच्या घरी माणूस गेला असेल, नोकरी गेली असेल, तर ते सरळ सांगावं, त्यात लाज नाही. पण ज्याचं नुकसान थोडं झालं त्याने ते फुगवू नये.

२०२१ च्या उन्हाळ्यात प्रवेश घेणाऱ्या तुकडीसाठी अर्जदार आधीच्या वर्षापेक्षा जवळपास १८ टक्क्यांनी वाढले, ६२ हजारांच्या वर गेले. जागा साधारण साडेबावीस हजार. वर्तमानपत्रांनी त्याला साथीच्या काळात अमेरिकेत घरोघरी पोचलेल्या संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. फाउचींचं नाव जोडलं. मला वाटतं घरी बसलेल्या मुलांना निबंध लिहायला वेळ मिळाला, हेही एक कारण असावं. ईशा त्या गर्दीतून सुटली, ही निव्वळ योगायोगाची गोष्ट. सल्ला देताना मला त्याची कल्पना नव्हती.

तिने जून २०२१ मध्ये अर्ज केला. एमडी (इथली डॉक्टरकीची पहिलीच पदवी) कॉलेजांबरोबर ऑस्टिओपॅथिक, म्हणजे डीओ कॉलेजांनाही. इंटरव्ह्यू व्हिडिओवर झाले, त्यामुळे विमानाचं भाडं आणि नवा सूट दोन्ही वाचलं. एका एमडी कॉलेजने प्रतीक्षा यादीत ठेवलं. एका डीओ कॉलेजने प्रवेश दिला.

बाबांचा फोन आला. “मॅडम, डीओ म्हणजे खरा डॉक्टर ना? नाही म्हणजे, होमिओपॅथीसारखं काही नाही ना?” मी सांगितलं की पन्नासही राज्यांत डीओंना एमडीइतकेच पूर्ण अधिकार आहेत, शस्त्रक्रियेसकट. २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाची, मान्यताही एकाच व्यवस्थेखाली आली आहे. ते हो-हो म्हणत होते, पण फोन काही ठेवेनात.

“आणि साताऱ्याला काय सांगू?”

“डॉक्टर होतेय म्हणून सांगा,” मी म्हटलं. “आणि डिपॉझिटची शेवटची तारीख काय आहे ते आधी बघा.”