पानाचा देठ, मुंगीची कंबर

चोपड्याच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे: पानाच्या पेटिओलला आपण देठ म्हणतो. मुंगीच्या छाती-पोटामधल्या बारीक भागालाही पुस्तकात पेटिओलच लिहिलंय. मग मुलांना 'मुंगीचा देठ' सांगायचं का? आणि घरी आम्ही देठाला 'डेख' म्हणतो, ते वर्गात चालेल का?

डेख खुशाल चालवा. भरताच्या वांग्याचं डेख ज्या मुलानं पाहिलंय, त्याला आणखी काही समजवावं लागत नाही.

'मुंगीचा देठ' मात्र मला पटत नाही. शरीराला देठ नसतो म्हणून नव्हे. बेंबीच्या देठापासून आपण ओरडतोच की. पण नाळही शेवटी गळून पडते. देठ म्हणजे धरून ठेवणारा आणि वेळ आली की सोडणारा भाग. शहाद्याकडच्या पपईच्या बागेत खोड नीट बघा: हातभर लांब, पोकळ देठ जिथून गळाले, तिथे प्रत्येकाचा वण राहिलेला असतो. पान गळण्याआधी देठाच्या बुडाशी पेशींचा कमजोर थर तयार होतो, तिथूनच तो सुटतो.

मुंगीत सुटण्याचा प्रश्नच नाही, तिथे काम वाकण्याचं. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांत पोटाचा पहिला खंड छातीला चिकटून गेलेला असतो आणि त्यामागे शरीर आवळलेलं असतं. म्हणून मागचा भाग वळवून नांगी मारता येते. भिंतीवर मातीचं घर बांधणाऱ्या कुंभारीण माशीचा हा भाग तर दोऱ्याइतका बारीक. मुंगळ्यात तिथे एकच गाठ दिसते, काही लाल मुंग्यांत दोन. याला सरळ कंबर म्हणावं. लॅटिन 'पेटिओलस' म्हणजे चिमुकला पाय. तो शब्द दोन्हीकडे लावला म्हणून मराठीनंही एकच लावावा, असं नाही.

परिभाषाच हवी असेल तर पानासाठी 'पर्णवृंत' आहे. रुईचं पान जवळजवळ देठाशिवायच फांदीला बसतं, त्याला 'अवृंत' म्हणतात. ज्वारीत देठ शोधू नये. तिच्या पानाचं बूडच ताटाला गुंडाळलेलं असतं.

अजून एक. पानाच्या पसरट भागाला पुस्तकं 'पाते' म्हणतात, पण कपाशीच्या गावात पाते म्हणजे कळी, आणि पातेगळ म्हणजे नुकसान. तिथल्या मुलांसाठी 'पानाचं पाते' असं पूर्ण लिहा.