प्रश्न तुमचे: अंतराळातील नियम, इटलीतील रणभूमी

प्रश्न : आम्ही तिघे मित्र चार वर्षांपासून ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा छोट्या पुतळ्यांचा युद्धखेळ खेळत आहोत. आता त्याच नियमांवर दुसऱ्या महायुद्धातील मराठा लाइट इन्फंट्रीची इटलीतील लढाई मांडायची आहे. काल्पनिक शस्त्रांच्या जागी रायफल आणि ब्रेन गन या हलक्या मशीनगनचे आकडे घातले, तरी खेळ खरा वाटत नाही. चूक कोठे होते आहे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण शस्त्रे बदललीत, शिपाई मात्र तोच ठेवलात. त्या खेळातील चिलखती योद्धा गोळी लागल्यावर बचावाचा फासा टाकतो आणि वाचला तर काहीच घडले नसल्यासारखा पुढे निघतो. १९४४ सालच्या शिपायाच्या अंगावर साधा कापडी गणवेश होता आणि डोक्यावरचे लोखंडी टोप रायफलची गोळी सहसा अडवत नसे. त्यामुळे मशीनगन सुरू झाली की तो मरण्याच्या कितीतरी आधी जमिनीला चिकटत असे. तेव्हा बचावाचा फासा काढून टाका आणि त्याच्या जागी दडपण आणा.

‘वॉरहॅमर ४०,०००’ १९८७ साली लिहिणारे रिक प्रीस्टली यांनीच अलेसिओ कॅव्हाटोरे यांच्यासह २०१२ साली ‘बोल्ट ॲक्शन’ हे महायुद्धाचे नियम तयार केले आणि तेथे हाच मार्ग धरला. गोळीबार झेलणाऱ्या तुकडीजवळ दडपणाची एकेक खूण ठेवायची आणि हुकूम देताना दोन फाशांची बेरीज मनोधैर्याच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी यावी लागते, असे धरायचे. साधारण तुकडीचे मनोधैर्य ९. प्रत्येक खुणेमागे त्यातून एक वजा. खूण नसताना फासे न टाकताच हुकूम पाळला जाईल, एक खूण असताना ३६ पैकी २६ वेळा आणि तीन खुणा असताना फक्त १५ वेळा. एका खेळाडूने संपूर्ण सैन्य हलवून मग दुसऱ्याने हलवायचे, ही पद्धतही सोडा. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक तुकडीमागे एक याप्रमाणे दोन रंगांचे फासे पिशवीत टाका. ज्या रंगाचा फासा निघेल त्या बाजूने एक तुकडी हलवावी.

रणगाड्यांसाठी पुढील, बाजूचे व मागील कवच वेगळे मोजणारी ‘वॉरहॅमर’ची जुनी पद्धतच योग्य. जर्मन पँथरचे पुढचे कवच ८० मिलिमीटर आणि तिरके, बाजूचे मात्र ४० ते ५०. एकाच आकड्यात हा फरक मावत नाही.

अंतराच्या बाबतीत मात्र फार काटेकोर होऊ नये. १:५६ प्रमाणाच्या पुतळ्यांना ३०० मीटरचा मारा द्यायचा तर टेबल जवळपास साडेपाच मीटर लांब लागेल, आणि एवढी जागा आपल्या घरांत कोठून आणायची? रायफलला २४ इंच ठेवा आणि ती तडजोड आहे हे मान्य करून खेळा.

आता आपल्या लढाईकडे येऊ. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सर्वजण ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलण्यास वेळ नसल्याने बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ‘एकच शिपाई उरला की तुकडी पळाली’ असा नियम केलात, तर ही घटना आपल्या टेबलावर घडूच शकणार नाही. म्हणून सेक्शनचा प्रमुख एकटा उरला असेल तर त्याच्या मनोधैर्यात एक गुण अधिक धरून फासे टाकू द्या. पाच खुणा असतील तर ५ किंवा कमी यावे लागेल, म्हणजे ३६ पैकी १० वेळा. याहून सोपे करू नका. आणि जर्मन बाजूला दूर आडोशाला नेमबाज ठेवायला विसरू नका, कारण घाडगे पडले ते अशाच नेमबाजांच्या गोळ्यांनी, मशीनगनचे ठाणे जिंकल्यानंतर.