सेरेस हा बटुग्रह मोठा असूनही व्हेस्टा हा लघुग्रह जास्त तेजस्वी का दिसतो? आणि तो कोणी शोधला?

कारण व्हेस्टाचा पृष्ठभाग फार उजळ आहे. खगोलशास्त्रज्ञ हाइनरिश ओल्बर्स यांनी 29 मार्च 1807 रोजी जर्मनीतल्या ब्रेमेनहून तो शोधला. व्हेस्टा त्याच्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशाचा सुमारे 40 टक्के भाग परत फेकतो, सेरेस जेमतेम 9 टक्के. शिवाय व्हेस्टा सूर्याच्या, म्हणजे आपल्याही, थोडा जवळ आहे. सेरेसचा व्यास 940 किमीच्या आसपास, तर व्हेस्टाचा सरासरी 525 किमी, तरी तो बाजी मारतो.

'डॉन' यानाने 2011-12 मध्ये त्याच्याभोवती फिरून केलेली मोजमापं बघा, थक्क व्हायला होतं: घनता पाण्याच्या साडेतीन पट, आत लोखंडाचा गाभा, वर बसाल्टी कवच (आपल्या सह्याद्रीतही बसाल्टच आहे), आणि दक्षिण ध्रुवाजवळ रियासिल्व्हिया नावाचं जवळजवळ 500 किमी रुंदीचं आघातविवर. पृथ्वीवर पडलेल्या उल्कापाषाणांचा एक अख्खा गट व्हेस्टाचेच तुकडे मानला जातो, कारण दोन्हींचा वर्णपट (परावर्तित प्रकाशातल्या रंगांची विभागणी) जुळतो.

एक लक्षात ठेवा: नुसत्या डोळ्यांनी तो दिसतो तो फक्त अनुकूल प्रतियुतीच्या वेळी (म्हणजे पृथ्वी सूर्य आणि व्हेस्टा यांच्या मधे येते तेव्हा) आणि खऱ्या अंधाऱ्या आकाशातच. शहरातून बघायचा तर दुर्बीण हवीच.