सायलेंट हंटर ३ या दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुडीच्या गेममध्ये पेरिस्कोप खाली घेतला तरी विनाशिका नेमकी माझ्यावरच कशी येते? गेम चीटिंग करतो का?

नाही, ती तुम्हाला ऐकते. या गेममध्ये शत्रूच्या जहाजांना नजर, हायड्रोफोन (पाण्याखालचे आवाज ऐकणारं यंत्र), अ‍ॅक्टिव्ह सोनार (आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारं यंत्र) आणि युद्धाच्या पुढच्या वर्षांत रडार अशी वेगवेगळी 'ज्ञानेंद्रिये' दिलेली आहेत. गेमची Sim.cfg ही सेटिंग्जची फाइल उघडलीत तर लाटा, वेग, आवाज यांचा शोधावर किती परिणाम होतो त्याचे आकडे तिथेच दिसतात. म्हणून सायलेंट रनिंग (कमीत कमी आवाजात चालायची पद्धत) लावा, प्रोपेलरचे फेरे अगदी कमी ठेवा आणि विनाशिकेकडे पाणबुडीचं नाक किंवा शेपूट करा. पाणबुडी तिच्यासमोर आडवी राहिली की सोनारचा प्रतिध्वनी मोठा जातो. खरी संधी ती डोक्यावर येते तेव्हा असते. दुसऱ्या महायुद्धातल्या अ‍ॅस्डिकचा (तेव्हाच्या ब्रिटिश सोनारचा) संपर्क अगदी जवळ आल्यावर तुटायचा आणि डेप्थ चार्ज (पाण्यात खोलवर फुटणारे बॉम्ब) जहाजाच्या मागच्या बाजूने पडायचे, म्हणजे मारा करताना ती जवळजवळ आंधळी. त्याच क्षणी पूर्ण वेग, खोल बुडी, तीव्र वळण, आणि लगेच पुन्हा शांत. (बहुतेक जण वेग कमी करायला विसरतात आणि मग गेमला शिव्या घालतात.) हे मूळ गेमबद्दल, मोठा मॉड (खेळाडूंनी केलेला बदल) टाकला असेल तर सेन्सर बरेच कडक केलेले असू शकतात.