आधी एक बोली निवडा, मग उच्चार घोटवा

इंग्रजी शिकताना अमेरिकन उच्चार बरोबर की ब्रिटिश, या वादात पडू नका. दोन्ही बरोबर. ज्यांच्याशी रोज बोलायचंय त्यांची बोली धरा आणि निदान सुरुवातीला तिलाच चिकटून राहा.

खरी गंमत 'वॉटर'सारख्या शब्दांत आहे. अमेरिकन माणूस दोन स्वरांमधला ट पूर्ण उच्चारत नाही. जीभ टाळूला निसटती टेकवतो. तो आवाज आपल्या 'र'च्या इतका जवळचा आहे की 'वॉरर्' म्हणून बघा, निम्मं काम होईल. शेवटचा र् मात्र तो जीभ मागे वळवून ठासून म्हणतो. लंडनकडच्या प्रमाण बोलीत नेमकं उलट: ट स्पष्ट, शेवटचा र् गायब, 'वॉटऽ'. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की हाच र् परत येतो, म्हणून 'कार'मधला र् एकट्याने ऐकू येत नाही, 'कार इज'मध्ये येतो.

ब्रिटिश 'बाथ' आणि अमेरिकन 'बॅथ'वरून मात्र फार ठाम राहू नका. उत्तर इंग्लंडमध्येही आखूड 'बॅथ'च म्हणतात. ब्रिटिश 'शेड्यूल'-अमेरिकन 'स्केजूल'सारख्या जोड्या सरळ पाठ करायच्या.

आपण मराठी माणसं आघाताकडे, म्हणजे शब्दाच्या कुठल्या भागावर जोर द्यायचा याकडे, काणाडोळा करतो, आणि माझ्या मते गोंधळ तिथेच जास्त होतो. 'लॅबोरेटरी'त अमेरिकन जोर पहिल्या अवयवावर (उच्चारातल्या तुकड्यावर), ब्रिटिश दुसऱ्यावर. केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात दोन्ही उच्चार ऐकायला मिळतात. ऐका, लगेच मोठ्याने म्हणा, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ताडून पाहा. देवनागरीत लिहून ठेवलेल्या उच्चारावर, माझ्या वरच्या 'वॉरर्'वरसुद्धा, फार विसंबू नका.