पीक सल्ला: झाडाला बुरशी कळते कशी?

पाऊस लागला की कायटोसानच्या (झाडाची प्रतिकारशक्ती जागवणारं म्हणून विकलं जाणारं द्रव्य) बाटलीचा फोटो आणि खाली ‘ही मारू का?’ असे संदेश रोज येतात. प्रश्न निरनिराळे, गोंधळ तोच. म्हणून काही उत्तरं एकत्र देतो.

झाडाला ना नाक, ना डोळे. बुरशी आली हे त्याला कळतं कसं? (हडपसर, गच्चीवरची बाग)

साखरेवरून. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं. ती एका नत्रयुक्त साखरेची लांब साखळी. झाडाच्या स्वतःच्या अंगात कायटिन नसतं, त्यामुळे ते भेटलं की परकं कोणी आलंय हे नक्की. झाड कायटिनेज नावाचं विकर (एन्झाइम) सोडून त्या साखळीचे तुकडे पाडतं. ७-८ कड्यांचा तुकडा पेशीवरच्या खबर टिपणाऱ्या (ग्राहक) प्रथिनाला चिकटला की काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम शिरतं आणि बचाव सुरू होतो. असं एक प्रथिन जपानी शास्त्रज्ञांनी २००६ साली भातात दाखवून दिलं.

कोळंबीच्या कवचातलं कायटिन तेच का? (कोथरूड)

हो. त्यावर प्रक्रिया करूनच कायटोसान बनतं.

बटाट्यावर करपा दिसताच दुकानदाराने ‘प्रतिकारशक्तीचं औषध’ म्हणून कायटोसान दिलं. दोन फवारण्या झाल्या, प्लॉट बसला. माल नकली होता का? (सातगाव पठार)

माल अस्सल असता तरी प्लॉट बसलाच असता. कायटोसान झाडाला सावध करतं, झालेला रोग बरा करत नाही. झाडाने भित्तिका जाड करायची, बचावाची द्रव्यं तयार करायची, तर त्याला वेळ लागतो, ताकद लागते. पानं काळी पडू लागल्यावर ती ताकद आणायची कुठून?

दुसरं असं, की तुम्ही सांगता तो उशिराचा करपा खऱ्या बुरशीचा नाहीच. तो आणणारा फायटोफ्थोरा हा सूक्ष्मजीव दिसतो बुरशीसारखा, पण त्याच्या भित्तिकेत मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोज. कायटिन जवळजवळ नाही. द्राक्षावरचा केवडा रोग याच गोतावळ्यातला, भुरी रोग मात्र खऱ्या बुरशीचा. म्हणून भुरीचं प्रत्येक औषध केवड्यावर चालत नाही. सकाळी दव असताना पान उलटून पाहा: काळ्या डागाच्या कडेला पांढरी, विरळ लव दिसली की थांबू नका.

२०२१ पासून जैवउत्तेजकं (पिकाची वाढ आणि जोम वाढवायला विकली जाणारी द्रव्यं) खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. त्या वर्गात नोंदलेल्या बाटलीवर ‘करपा घालवतो’ असा दावा कुणी करत असेल, तर तो खोटा आहे. पक्कं बिल मागा, लेबल वाचा. तुमचा खर्च गेला याचं वाईट वाटतंच, पण त्याहून जास्त वाईट वाटतं ते गेलेल्या आठ-दहा दिवसांचं. करप्यात तेच दिवस मोलाचे. पुढच्या वेळी पहिला डाग दिसला त्याच दिवशी रोगट पान कागदात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात न्या. पिशवीत कोंबून चार दिवसांनी आणलेल्या कुजक्या पानावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

मग मुळांशी जोडून राहणारी मायकोरायझा झाडाला शत्रू का वाटत नाही? तीही बुरशीच ना? (बारामती)

फार चांगला प्रश्न. मायकोरायझा ४-५ कड्यांचे आखूड तुकडे आणि मेदाची शेपटी जोडलेले काही रेणू सोडते, त्यातून मुळांना मैत्रीचा निरोप जातो. हरभऱ्याच्या मुळावर गाठी आणणारा रायझोबियमही असाच रेणू वापरतो. भातात तर एकच प्रथिन शत्रूची खबर आणि मित्राचं स्वागत, दोन्हींत भाग घेतं. विकतची मायकोरायझा टाकायची की नाही, ते माती परीक्षणातला स्फुरद पाहून तज्ज्ञांना विचारून ठरवा. स्फुरद भरपूर असेल तर तिचा फायदा कमीच.

झाड इतकं हुशार, तर टोमॅटोवर बुरशी येतेच कशी? (नारायणगाव)

बुरशीही गप्प बसत नाही. टोमॅटोच्या पानावर येणारी क्लॅडोस्पोरियम ही बुरशी ईसीपी६ नावाचं प्रथिन सोडते. ते कायटिनचे तुकडे झाडाच्या आधी स्वतः धरून ठेवतं, म्हणजे खबर पोचतच नाही. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनच्या संशोधकांनी हे २०१० मध्ये दाखवलं. तुमच्या पानावर नेमकं काय आहे, ते फोटोवरून सांगणार नाही. नमुना दाखवा.

ट्रायकोडर्मा आणि बुरशीनाशक एकाच टाकीत चालेल? (सासवड)

नाही. ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे, रोगाच्या बुरशीला रोखणारी; बुरशीनाशक तिलाही मारू शकतं. दोन्हींत किती दिवसांचं अंतर ठेवायचं ते बुरशीनाशकावर अवलंबून. लेबल घेऊन कृषी सहाय्यकांना भेटा, मगच टाकी भरा.