पहाटे अंधारात मचाणाकडे जाताना बॅटरी लावायची की नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, शहापूरकडे मामांच्या शेताच्या टोकाला मचाण आहे, खाली पाणवठा आहे, घणसोलीहून आदल्या रात्री जाऊन मुक्काम करायचा, पहाटे साडेचारला निघायचं आणि उजाडायच्या आत कॅमेरा घेऊन वर बसायचं. तर वाटेत टॉर्च लावली तर जनावरं पळतील का, आणि अमेरिकेतले शिकारी व्हिडिओत दाखवतात तसा लाल लाईट घ्यावा का.

लावा. बिनधास्त लावा. फक्त उजेड कमी ठेवा, पायाजवळ ठेवा आणि त्याने जनावरं शोधत फिरू नका. मी ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी राहतो, बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला मचाणावर बसणं, मित्रांच्या शेतावर पहाटे जाणं हे बरंच झालंय, त्यावरून सांगतो.

आधी त्या व्हिडिओंचं. तिकडे बऱ्याच राज्यांत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडायला परवानगी असते, म्हणून सगळेच अंधारात आत शिरतात आणि सरकारी जंगलात आजूबाजूला दुसरेही बंदूकवाले असतात. तिथे बॅटरी लावायचं मोठं कारण हे की समोरच्याला कळावं, हे हरीण नाही, माणूस आहे. बऱ्याच राज्यांत भडक नारिंगी जाकीट घालायची सक्तीसुद्धा त्याचसाठी. जे म्हणतात लाईट नको, ते स्वतःच्या मालकीच्या जागेत रोजच्या पाठ असलेल्या वाटेने जाणारे असतात, त्यांचं बघून आपण करायचं नाही.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद, तुम्ही तर फोटोला जाताय, त्यामुळे बंदुकीचा प्रश्न नाही. पण दुसऱ्या माणसाला कळणं इथेही तेवढंच महत्त्वाचं आहे. पीक उभं असेल तर शेजारच्या शेतात कोणीतरी माळ्यावर रानडुकरांपासून पीक राखत बसलेला असतो, कुत्री असतात, वनरक्षकांची गस्त असते. अंधारात गुपचूप सरकणारा माणूस यांच्यापैकी कोणालाच आवडत नाही. आणि लांबून बघणाऱ्याला बॅटरीच्या चालीवरून लगेच कळतं बरं का. खाली पायाशी, एका लयीत पुढे जाणारा उजेड म्हणजे वाटेने चाललेला माणूस. झाडाझुडपांवर फिरणारा, मध्येच थांबणारा, परत मागे वळणारा लांबचा झोत म्हणजे शिकारी. म्हणून तो हजार-दोन हजार ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप) टॉर्च घरीच ठेवा, त्याने तुम्हाला दिसणार काही नाही आणि अख्ख्या पाड्याला जाग येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बिनउजेडाचं जाऊ नका म्हणतो ते बिबट्यापेक्षा जास्त या तीन गोष्टींसाठी: बिनकठड्याची विहीर, साप आणि करंटची तार. विहिरीचं वेगळं सांगायला नको. तारेचं मात्र नीट ऐका. रानडुकरांसाठी काही ठिकाणी शेताच्या कडेने तार ओढून रात्री त्यात वीज सोडतात, बेकायदेशीर आहे, तरी सोडतात आणि त्यात माणसं गेलेली आहेत. बारीक तार असते, घोट्याच्या नाहीतर गुडघ्याच्या उंचीवर, मिणमिणत्या लाल उजेडात ती दिसतच नाही. मामांना सांगा की वाटेत ज्यांची ज्यांची शेतं लागतात त्या प्रत्येकाला आदल्या संध्याकाळी विचारून या, आणि आम्ही पहाटे या बाजूने जाणार हेही सांगून या.

सापांत फुरसं आणि घोणस दोन्ही त्या भागात आहेत, मण्यार तर रात्रीच फिरते. फुरसं केवढंसं असतं, सुकलेल्या पानांच्या रंगाचं, आणि तुमची चाहूल लागली तरी पळेलच असं नाही, जागीच वेटोळं करून बसतं. पांढऱ्या उजेडात त्याच्या पाठीवरची नक्षी उठून दिसते, लाल उजेडात सगळंच एका रंगाचं होतं, पानं, माती, साप, सगळं. म्हणून चालताना लाल नको. घोट्याच्या वर येणारे बूट, हातात काठी, आणि दुर्दैवाने काही झालंच तर 108 ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना, शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे.

लाल उजेडाचा खरा उपयोग वर बसल्यावर. आपल्या डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला 20-30 मिनिटं लागतात आणि एक पांढरा झोत डोळ्यात गेला की परत पहिल्यापासून सुरुवात, मंद लाल उजेडाने तेवढं बिघडत नाही. हरणांचं म्हणाल तर अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणावर अभ्यास झालेला आहे, त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, एक निळ्याकडे झुकलेली आणि दुसरी हिरव्याकडे. लाल त्याला फार अंधुक दिसतो. अंधुक म्हणजे अदृश्य नव्हे, प्रखर लाल झोत मारलात तर कळणारच. आपलं सांबर, चितळ, भेकर त्याच कुळातले, म्हणून मी हेच धरून चालतो. यातून दोन गोष्टी निघतात. हिरवा लाईट या कामाला घेऊ नका, तो त्यांना चांगला दिसतो. आणि पांढऱ्यातही तो निळसर, डोळ्यात टोचणारा एलईडी नको, पिवळसर उजेडाचा घ्या.

हेडलॅम्प की हातातली बॅटरी? चालताना हातातलीच, आणि तीही मांडीच्या खाली धरलेली. कपाळावरचा उजेड डोळ्याच्या रेषेतूनच जातो, त्यामुळे दगडाची, खळग्याची सावली आपल्याला दिसत नाही, सगळी जमीन सपाट भासते. तीच बॅटरी गुडघ्याजवळ आडवी धरून बघा, प्रत्येक दगडाला लांब सावली पडते, काटकी आणि साप यातला फरक दोन पावलं आधी कळतो. शिवाय कपाळाच्या लाईटवर सगळे किडे तोंडावर येतात. हेडलॅम्प बरोबर असू द्या, पण तो शिडी चढताना दोन्ही हात मोकळे हवेत त्यासाठी. हां, एक गोष्ट हेडलॅम्पने फार छान दिसते, ती म्हणजे डोळ्यांची चमक, कारण डोळ्यातून परत फिरलेला उजेड जिथून आला तिथेच जातो. वाटेवर मध्येच रातवा बसलेला असतो, पक्षी अजिबात दिसत नाही, नुसता एक निखारा जमिनीवर ठेवल्यासारखा डोळा दिसतो. दिसला तर झोत बाजूला घ्या आणि त्याला उडायला वेळ द्या.

उजेड किती, तर 10-15 ल्यूमेन पुष्कळ झाले. बाजारातल्या पुष्कळ टॉर्चचं बटण दाबलं की आधी फुल लागतो, मग लो, मग ब्लिंक, म्हणजे पहिल्याच दाबाला डोळे दिपतात. लो पासून सुरू होणारा बघून घ्या, नसेल तर काचेवर ब्राऊन टेप नाहीतर दुमडलेला रुमाल लावा, तेही चालतं. मोबाईलचा लाईट नको, उजेड सगळीकडे पसरतो आणि एखादा मेसेज आला की स्क्रीनने तुमचंच तोंड उजळतं. एक छोटी जादा बॅटरी गळ्यात असू द्या, नवे सेल घालून.

आदल्या दिवशी उजेडात ती वाट एकदा चाला आणि वळणावर, फाट्यावर झाडाला रेडियमच्या छोट्या पट्ट्या दोऱ्याने बांधा, खिळे नका ठोकू. मंद उजेडातसुद्धा त्या लांबून चमकतात, मग झोत वर करून वाट शोधावी लागत नाही. येताना सोडून आणा.

बिबट्या. असणारच, तो भाग तानसा अभयारण्याच्या बाजूचा आहे. चोरपावलांनी, बिनउजेडाचं जाऊन तो अचानक हातभर अंतरावर येण्यापेक्षा त्याला तुमचं येणं आधी कळलेलं शंभरपट बरं, तो आपणहून बाजूला होतो. म्हणून दोघं जा, वाटेत हळू आवाजात बोलत जा, एकटे वाकून चालू नका. आणि मचाण शेतात नसून अभयारण्याच्या हद्दीत जात असेल तर वनखात्याची परवानगी हवीच, मामांना हद्द नीट विचारून घ्या.

शेवटच्या शंभरेक मीटरवर बोलणं बंद, बॅटरी फक्त पुढच्या पावलापुरती, पाण्याच्या दिशेला अजिबात नाही. शिडीशी मात्र कंजूसपणा करू नका. पायऱ्या, दोर, फळीची खालची बाजू नीट बघा, विंचू आणि गांधीलमाशीचं पोळं दोन्ही तिथे सापडतं. तिकडच्या शिकाऱ्यांनासुद्धा गोळीपेक्षा मचाणावरून पडण्याची भीती जास्त असते. कॅमेऱ्याची बॅग खाली ठेवून वर जा, मग दोराने ओढून घ्या. बसलात की सगळे लाईट बंद, अर्धा तास हलू नका.

खरं सांगू का, एवढं करून जनावर आलं नाही तर दोष बॅटरीचा नसतो. एप्रिल-मे मध्ये सागाची पानं खाली पडलेली असतात, तुमचा पाय पडला की लांबवर ऐकू जातं, आणि त्याच्याही आधी तुमचा वास गेलेला असतो. पहाटे वारा पडलेला असला तरी थंड हवा उताराने खाली सरकत असते आणि पाणवठा बहुधा सखल जागीच असतो, म्हणजे तुम्ही वरच्या अंगाला बसलात तर तुमचा वास सरळ पाण्याकडे जाणार. तुमचं मचाण पाण्याच्या वरच्या बाजूला आहे की बगलेला, आणि वाट कुठून येते, तेवढं लिहा, मग कुठल्या बाजूने शिरायचं ते सांगता येईल.